रिकामा पाय, भरलेला पाय

कोबे हे शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एखाद्या फळीसारखं तिरकं ठेवलेलं आहे. त्यामुळे इथली माणसं रस्ता सांगताना डावं-उजवं म्हणत नाहीत, 'डोंगराच्या बाजूला' किंवा 'समुद्राच्या बाजूला' म्हणतात. आमच्या नुपूरला सहाव्या वर्षी डावा हात कुठला ते नीट सांगता येत नसे. पण डोळे मिटून उभी केली तरी समुद्र कुठे आहे ते ती अचूक दाखवायची.

नुपूर आमची नात. तिचे आईवडील, म्हणजे आमचा सत्यजित आणि सून कश्मिरा, दोघंही सकाळी बाहेर पडतात ते दिवेलागणीला परत येतात. म्हणून मी आणि माझी बायको शैलजा पुण्याहून तिला सांभाळायला आलो. आम्हाला मिळालेला व्हिसा मात्र नुपूर सात वर्षांची होईपर्यंतचाच होता, आणि तिचा वाढदिवस फेब्रुवारीत. तोपर्यंतचे दिवस आमचे.

आमचं घर एका चांगल्याच उभ्या चढाच्या टोकाशी आहे. शाळेतून मुलं घोळक्याने येतात आणि चढाच्या पायथ्याला, सिग्नलपाशी पांगतात. तिथून वर नुपूर एकटीच. म्हणून एप्रिलमध्ये तिची शाळा सुरू झाली तेव्हापासून शैलजा रोज दुपारी खाली जाऊन सिग्नलपाशी उभी राहायची. रस्त्यापलीकडून पिवळी टोपी आणि पाठीवरचं ते मोठं कडक दप्तर दिसलं की ही हात वर करायची.

मग दोघी चढ चढायला लागायच्या, आणि नुपूरचं तोंड सुटायचं. दूध कुणी सांडलं, वर्गातल्या गोगलगाईचं नाव काय ठेवलं, हारुका आज का रुसली, सगळं. आणि सगळं मराठीत, कारण शैलजाला जपानी येत नाही. शैलजा नुसतं "मग?" म्हणायची आणि दम खायला थांबायची. दारात येईपर्यंत पोरगी पूर्ण रिकामी झालेली असायची. मी विचारायचो, "काय गं, कसा होता दिवस?" बूट काढता काढता ती म्हणायची, "फुत्सू." म्हणजे नेहमीसारखाच.

मी उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवला आहे. चित्रं, गाणी, चिंध्यांच्या बाहुल्या, मातीचे अक्षरांचे ठोकळे, सगळं इथेही करून पाहिलं. नुपूरला माझ्याशी खेळायला आवडतं, आणि खेळताना ती जपानीच बोलते. तिचं मराठी त्या चढावर होतं.

जूनमध्ये शैलजा पडली. पाऊस थांबला होता, रस्ता ओला होता. चढाच्या मधोमध जिथे वळण आहे तिथे गटाराचं एक लोखंडी झाकण आहे. त्यावर पाय पडला आणि सरकला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर झालं, उन्हाळ्याच्या सुट्टीत ते निघालंही. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, हाड सुरेख जुळलं होतं.

पण सप्टेंबरात शाळा सुरू झाली तरी शैलजा खाली उतरेना.

"आज डाळ शिजायची आहे," ती म्हणायची. दुसऱ्या दिवशी कपडे वाळायचे असायचे. तिसऱ्या दिवशी काहीच नसायचं, तेव्हा ती चपला घालून दारापर्यंत यायची, रस्त्याकडे बघायची आणि म्हणायची, "अहो, तुम्हीच जा ना." घराबाहेर सपाट रस्त्यावरही माझा दंड धरल्याशिवाय ती पाऊल टाकत नव्हती. आणि धरायची ती अशी, की रात्री सदरा काढताना मला तिची चारही बोटं दंडावर दिसायची.

मग मी खाली जाऊ लागलो. नुपूर माझ्यापुढे पळायची, वळणावर थांबायची आणि मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघायची. तिथे शैलजा कठड्याला घट्ट धरून उभी असायची. दोघी एकमेकींना हात हलवायच्या. बस. गोगलगाईचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. "कसा होता दिवस?" "फुत्सू." शब्द तोच, पण आता तो सगळं सांगून झाल्याचा नव्हता, बंद दाराचा होता.

एकदा वळणावर तिने मला मराठीत विचारलं, म्हणून मी दचकलोच.

"आबा, तुम्ही पुण्याला जाणार ना? माझ्या बर्थडेनंतर?"

"हो बाळा."

"त्याच्या आधी आजी खाली येणार?"

मी म्हटलं, "बघू या." मुलांना 'बघू या' म्हटलेलं मुळीच आवडत नाही, हे मला ठाऊक असूनही.

आमच्या घराला लागून एक छोटी बाग आहे. तिथे दर रविवारी सकाळी काही म्हातारी माणसं ताई-ची, म्हणजे तो संथ चिनी व्यायाम, करतात. त्यांना शिकवणाऱ्या बाई म्हणजे रिन-सेन्सेई, इथे शिक्षकांना सेन्सेईच म्हणतात. त्या जन्मापासून कोबेतल्याच, पण मूळच्या चिनी. त्यांचे आजोबा शिंपी म्हणून या बंदरात उतरले, आणि पुढे रिन-सेन्सेईंनीही त्यांच्याच दुकानात कोट बेतले. आता ऐंशीच्या घरात आहेत. अंगाने इतक्या बारीक की वारा सुटला तर धरून ठेवावं असं वाटतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही तिघं बागेच्या कडेने चाललो होतो. शैलजा माझ्या दंडाला, नुपूर पुढे. रिन-सेन्सेईंनी आम्हाला थांबवलं, शैलजाभोवती एक फेरी मारली आणि जपानीत काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" शैलजाने नुपूरला विचारलं.

"सेन्सेई म्हणते, तुझा कोट शिवायचा झाला तर गळा शिवता येणार नाही. कारण तुझे खांदे कानाला लागलेत."

"तिला सांग, मला कोट नकोय."

नुपूरने सांगितलं. रिन-सेन्सेई खळखळून हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून आणखी काही सांगितलं. ते नुपूरने जरा जास्तच आनंदाने सांगितलं. "आबा, तुम्ही तिकडे जाऊन उभे राहा. त्या झाडाखाली. सेन्सेई म्हणते, तुम्ही काठी आहात. क्लासमध्ये काठी चालत नाही."

मी मुकाट्याने पिवळ्या पडायला लागलेल्या गिंको झाडाखाली जाऊन उभा राहिलो. पुढचे कितीतरी रविवार माझी जागा तीच.

पहिल्या दिवशी रिन-सेन्सेईंनी शैलजाला एवढंच शिकवलं की पाऊल टाकायचं म्हणजे काय. आपण पाय टाकतो तेव्हा वजनही त्याच्याबरोबर धाडून देतो. मग जमीन कशीही असो, आपण तिथे पोचलेले असतो. ताई-चीमध्ये तसं नाही. सगळं वजन मागच्या पायावर ठेवायचं, आणि पुढचा पाय रिकामा टेकवायचा, मांजराने टेकवावा तसा. जागा बरी वाटली तर हळूहळू त्यात वजन ओतायचं. नाही वाटली तर पाय उचलून परत घ्यायचा. त्यात लाज कसली?

"रिकामा पाय, भरलेला पाय," नुपूरने भाषांतर केलं, आणि तिला ते इतकं आवडलं की घरी आल्यावर तिने शाळाच भरवली. स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंतच्या बोळात आजी चालणार आणि ही मागून वाकून तिच्या टाचा बघणार.

"आजी, हा रिकामा नाहीये! तू खोटं करतेस."

"अगं, रिकामाच आहे."

"मग उचलून दाखव."

शैलजाला उचलता आला नाही. ती हसली. "ही तुमच्यापेक्षा कडक आहे हो," ती मला म्हणाली.

कडक होती, पण कंटाळत नव्हती. चूक झाली की पोरगी स्वतः ते पाऊल करून दाखवायची, मग आजीचं घोट्याजवळचं पातळ वर करून पुन्हा बघायची. शिकवणारा असाच असावा. मी पेपर वाचल्यासारखं करत होतो.

रिन-सेन्सेईंनी आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका चिनी औषधांच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. खाली गावात जायचं म्हणून आम्ही टॅक्सी केली. डॉक्टरांनी शैलजाची जीभ बघितली, मग नाडी बघायला हात मागितला. शैलजाने सवयीने डावा हात पुढे केला, कारण पुण्यात आमचे वैद्य बायकांचा डावाच हात बघतात. डॉक्टरांनी तो बघून उजवाही मागितला.

"एकातून कळलं नाही वाटतं," शैलजा माझ्या कानात म्हणाली.

डॉक्टर बराच वेळ तीन बोटं ठेवून बसले. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या शास्त्राप्रमाणे भीतीचं घर मूत्रपिंडात असतं.

"माझ्या किडन्या उत्तम आहेत," शैलजा म्हणाली. "मार्चमध्येच रिपोर्ट काढलेत."

नुपूरने हे जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर हसले आणि नुपूरला जवळ बोलावून त्यांनी स्वतःच्या कमरेवर मागे हात ठेवून दाखवला. ती समजून घेऊन आली. "आजी, किडनी खराब नाही. भीती इथे मागे राहते, आणि तिथे थंडी वाजते. पाय पण थंड पडतात. म्हणून पाय गरम ठेवायचे."

शैलजाने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तिचे पाय बर्फासारखे गार असायचे, ते तिने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. मलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी कोमट पाण्यातून घ्यायची भुकटी दिली, आणि वाळलेल्या पाल्याची, विडीसारखी पण जाड, अशी एक कांडी. ती पेटवायची आणि घोट्याजवळ, कातडीपासून चार बोटं लांब धरायची. भुकटीत दालचिनी आणि आलं असल्याचं शैलजाने वासावरूनच ओळखलं, "हा तर काढा!" म्हणाली आणि त्यात गूळ घातला. कांडी मी पेटवली तेव्हा तिने खोल श्वास घेतला.

"अहो, हा दवणा आहे."

दवणा नव्हे, पण त्याच्याच नात्यातलं झाड. रोज संध्याकाळी मी जमिनीवर बसून तिच्या घोट्यापाशी ती ऊब धरायचो. धुरात आमच्या चैत्राचा वास यायचा. कश्मिरा घरी आली की आधी खिडकी उघडायची, आणि मग तीही तिथेच टेकायची. "आई, माझे पण पाय दुखतात हो," म्हणायची.

थंडी पडू लागली. शैलजा आता बागेपर्यंत एकटी जाऊ लागली होती, पण तो सपाट रस्ता. चढाच्या तोंडाशी ती गेली की परत फिरायची. फेब्रुवारी जवळ येत होता. आजी खाली येणार का, हे नुपूरने पुन्हा विचारलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागत होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी रिन-सेन्सेईंनी जोड्या लावल्या. यात दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटं एकमेकांना अलगद टेकवायची आणि गोल फिरवायची. कुणी कुणाला धरायचं नाही. समोरच्याचा जोर कुठून येतोय ते मनगटाने ऐकायचं. तो आला की वाट द्यायची, गेला की मागोमाग जायचं. शैलजाचं मोडलेलं मनगट म्हणून तिची जोडी रिन-सेन्सेईंनी स्वतःशीच लावली.

मी गिंकोखालून बघत होतो. झाड एव्हाना पूर्ण झडलं होतं. आधी बरं चाललं होतं. मग रिन-सेन्सेईंनी किंचित, अगदी किंचित जोर लावला. शैलजाचा तोल मागे गेला, आणि तिने त्या क्षणी जे केलं ते त्या बागेत यापूर्वी कुणी केलं नसेल. तिने फट्कन हातांची अढी घालून रिन-सेन्सेईंचे दोन्ही हात पकडले, पाय जुळवून त्यांच्या पायांना लावले आणि अंग मागे टाकलं. थेट फुगडी!

चिनी विद्येत धरायचं नसतं आणि मागे झुकायचं तर मुळीच नसतं. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई आता तोंडावर पडणार म्हणून मी धावलो. बाकीची म्हातारी मंडळीही "आबुनाइ! आबुनाइ!", म्हणजे 'सांभाळा, सांभाळा', असं ओरडत धावली.

पण रिन-सेन्सेई पडल्या नाहीत. त्यांनी शैलजाला ऐकलं. ती मागे गेली तेवढ्याच त्याही मागे गेल्या, ती वळली तशा वळल्या. आणि त्या दोघी, एक नऊवारीतल्या आईकडून फुगडी शिकलेली आणि एक शिंप्याची नात, बागेच्या मधोमध गरगर फिरल्या. एक गिरकी, मग दुसरी. शैलजाच्या तोंडून ते 'पकवा' सुरू झालं, फुगडी घालताना बायका तोंडाने वाजवतात ते. तिला कळलंसुद्धा नसेल.

"येऊ नका!" रिन-सेन्सेई फिरता फिरताच आम्हाला ओरडल्या. एवढं जपानी मलाही कळलं.

हळूहळू गती उतरली. दोघी थांबल्या, धापा टाकत, हात अजून अढीतच. नुपूर टाळ्या वाजवत उड्या मारत होती.

शैलजाचा चेहरा पांढरा पडला होता. "अगं, माफी माग माझ्याकडून. म्हणावं, चुकून झालं. हात आपोआप गेले."

नुपूरने सांगितलं. रिन-सेन्सेईंना माफीशी काही देणंघेणं नव्हतं. हा काय प्रकार आहे ते त्यांना हवं होतं. मग शैलजाने सांगितलं, मंगळागौर म्हणजे काय, बायका रात्र जागवून कसे खेळ खेळतात, फुगडीत जोडीदारणीवर पूर्ण भार टाकला तरच ती कशी रंगते. नुपूरचं जपानी त्यात दोनदा अडकलं, तेव्हा आजीने हातवारे करून दाखवलं.

रिन-सेन्सेईंनी विचार केला आणि त्या बोलल्या. नुपूरने एकेक वाक्य धरून सांगितलं.

"सेन्सेई म्हणते, तुमच्या खेळात एकीने हात सोडला तर दोघी पडतात. आमच्या खेळात कुणी कुणाला धरतच नाही, म्हणून हात निघाला तरी कुणी पडत नाही." ती थांबली, सेन्सेईंकडे बघून पुन्हा खात्री करून घेतली. "आणि म्हणते, तू तिला धरलंस तेव्हा तिने पण तुझं वजन बघितलं. तुझे दोन्ही पाय मस्त भरलेले होते. भीती नव्हती त्यात."

"भीती वाटायला वेळ कुठे होता," शैलजा म्हणाली.

घरी येताना तिने माझा दंड धरला नाही. मी मुद्दाम पुढे केला नव्हता. तिने मागितलाही नाही. फाटकाशी ती म्हणाली, "मी मागे झुकले हो. पुरती झुकले. आणि पडले नाही." मग आत जाऊन तिने भाजी चिरायला घेतली.

दुसरा दिवस सोमवार. नुपूरला आणायची वेळ झाली म्हणून मी दाराशी आलो, तर शैलजाचे बूट जागेवर नव्हते.

आधी मला वाटलं, बागेत गेली असेल. मी गॅलरीत आलो. बागेत कुणी नव्हतं. चढावर ती होती, वरून तिसऱ्या घरापाशी, एकटी.

माझा हात जिन्याकडच्या दाराच्या कडीपर्यंत गेला होता. मी तो परत घेतला आणि कठडा धरला. तिथेच, जिथे ती रोज धरून उभी राहायची तिथे.

ती रस्त्याच्या कडेने, अंग जरासं समुद्राकडे तिरकं ठेवून उतरत होती. एक पाय पुढे जायचा, टेकायचा, थांबायचा. मग खांदे खाली यायचे, आणि मग दुसरा. एक सायकलवाला बाजूने गेला. ती थांबली, त्याला जाऊ दिलं. भाजीची पिशवी घेतलेली एक शेजारीण खालून आली आणि वाकून नमस्कार करून गेली. शैलजानेही वाकून केला, पण पाय न हलवता.

मग वळण आलं, आणि ते झाकण.

तिथे ती उभी राहिली. खूप वेळ. मी तिच्या पाठीकडे बघत होतो आणि मला वाटलं, आता ती वळेल, मान वर करेल, आणि मला हाक मारेल. तिने पाय पुढे केला. झाकणाच्या कडेला टेकवला. पुन्हा उचलून मागे घेतला. परत उभी. मी कठडा इतका घट्ट धरला होता की हात दुखायला लागला. मग तिने पाय पुन्हा पुढे केला, यावेळी झाकणाला वळसा घालून पलीकडे. टेकवला. भरला. आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

आमच्या गॅलरीतून सिग्नलचा खांब दिसतो, त्याखालची जागा नीट दिसत नाही. मी फक्त पिवळी टोपी पाहिली, रस्ता ओलांडताना. ती मध्येच थबकली. मग इतकी सुसाट सुटली की टोपी मागे उडून रबरावर लोंबायला लागली.

मी आत आलो आणि चहाचं आधण ठेवलं. त्याला उकळी आली तरी दोघींचा पत्ता नव्हता. गॅस बारीक केला. मग खालून, वळणाच्याही खालून, आवाज आला. नुपूरचा. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखू येत होती, एकात एक गुंतलेली, श्वास घ्यायलाही न थांबणारी. मध्ये गोगलगाय ऐकू आली. मध्ये हारुका. मध्ये शैलजाचं "मग?" एवढंच, आणि दम घ्यायला थांबणं. दोन महिने राहिले होते, पण चढ लांब होता आणि त्या सावकाश येत होत्या.

दार उघडलं. शैलजाचे गाल लाल झाले होते. तिने बूट काढले आणि भिंतीला हात न लावता आत पाऊल टाकलं.

"काय गं," मी नुपूरला विचारलं, "कसा होता दिवस?"

ती बूट काढत होती. मान वर न करता म्हणाली, "फुत्सू."